दहा गुण गेल्यावरही टिकलेला क्लब: एव्हर्टनचा 2023-24 चा हंगाम

17 नोव्हेंबर 2023 ला इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये चौदाव्या स्थानावर असलेला एव्हर्टन संध्याकाळपर्यंत एकोणिसाव्या स्थानावर आला. त्या दिवशी त्यांचा सामनाच नव्हता. आर्थिक नियम मोडल्याबद्दल स्वतंत्र आयोगाने त्यांचे 10 गुण कापले होते. लीगच्या इतिहासात तोपर्यंत एवढी मोठी गुणकपात झालेली नव्हती.

त्याआधी या लीगमध्ये दोनच क्लबांचे गुण कापले गेले होते. 1996-97 मध्ये मिडल्सब्रोचे 3 आणि 2009-10 मध्ये पोर्ट्समथचे 9. वीसपैकी तळाचे तीन क्लब दर हंगामाअखेर खालच्या श्रेणीत जातात, आणि हे दोन्ही क्लब त्याच हंगामात गेले. एव्हर्टन गेला नाही. तो कसा वाचला, कोणत्या वळणावर काय निर्णय झाला आणि मुळात ही वेळ का आली, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

## पार्श्वभूमी

एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातला क्लब. 1888 साली इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक. 1954 पासून तो सर्वोच्च श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. 1892 पासून 2025 पर्यंत त्यांचं घर म्हणजे गुडिसन पार्क. चारही बाजूंनी दाट वस्ती आणि प्रेक्षक मैदानाला अगदी खेटून बसलेले.

2016 मध्ये ब्रिटिश-इराणी उद्योजक फरहाद मोशिरी यांनी क्लबमध्ये गुंतवणूक केली आणि पैशांचा ओघ सुरू झाला. खेळाडू आले, पण संघ बांधला गेला नाही. कूमन, अलरडाइस, सिल्वा, अँचेलोटी, बेनिटेझ, लँपर्ड असे मॅनेजर एकामागून एक आले. प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी, म्हणून प्रत्येकाला माणसंही वेगळी हवी असायची. आधीच्याने आणलेले खेळाडू मोठ्या पगारावर बसून राहायचे आणि नवे त्यांच्यावर चढायचे. 2020-21 पर्यंतच्या तीन वर्षांतला तोटा 37 कोटी पौंडांच्या पुढे गेला होता.

त्यातच ब्रॅमली-मूर डॉक इथे नव्या स्टेडियमचं काम निघालं. रशियाने 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा रशियन अब्जाधीश अलिशेर उस्मानोव यांच्याशी संबंधित कंपन्यांचं प्रायोजकत्व थांबवावं लागलं. स्टेडियमच्या नावाच्या हक्कातून येऊ शकणारा पैसाही त्याबरोबर गेला.

मैदानावरही दोन वर्षं जीव टांगणीला लागलेला होता. 2021-22 मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 0-2 वरून 3-2 असं जिंकून क्लब वाचला. 2022-23 मध्ये शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध दुकुरेच्या एकमेव गोलने तारलं आणि 36 गुणांवर सतरावं स्थान मिळालं. मॅनेजर शॉन डाइश जानेवारी 2023 मध्ये आले होते. 2023-24 च्या हंगामाला सामोरं जाताना हातात पैसा नव्हता. अ‍ॅशली यंग फुकटात आला, जॅक हॅरिसन आणि डान्जुमा उसने मिळाले, उदिनेझेकडून बेटो घेतला. इवोबी आणि ग्रे विकले गेले.

## नेमका दोष काय होता

प्रीमियर लीगचा तेव्हाचा नियम थोडक्यात असा: तीन वर्षांच्या हिशेबात क्लबचा तोटा 10.5 कोटी पौंडांच्या वर जाता कामा नये. युवा अकादमी, महिला संघ, समाजकार्य, पायाभूत सुविधा यांवरचा खर्च तोट्यातून वगळता येत असे. कोरोनाच्या दोन वर्षांची सरासरी काढून ते एकच वर्ष धरायची सवलतही दिली होती.

2021-22 अखेरच्या हिशेबात एव्हर्टनचा तोटा 12.45 कोटी पौंड ठरला, म्हणजे मर्यादेपेक्षा 1.95 कोटी जास्त. मर्यादा ओलांडल्याचं क्लबनेही सुनावणीआधी मान्य केलं होतं. भांडण होतं ते किती ओलांडली यावर, आणि त्याचं मूळ कर्जाच्या व्याजात होतं.

क्लबचं म्हणणं साधारण असं होतं: आम्ही स्टेडियम बांधतोय, त्यासाठी पैसा लागतोय, म्हणून कर्जाचं व्याज हा स्टेडियमचाच खर्च आहे आणि तो तोट्यात धरू नका. आयोगाने कागद तपासले. मोशिरींनी स्टेडियमसाठी दिलेला पैसा बिनव्याजी होता. ज्या कर्जांवर व्याज लागत होतं, ती रोजचा कारभार चालवायला घेतलेली होती. त्यामुळे ते व्याज स्टेडियमच्या खात्यात टाकता येणार नाही, असं ठरलं.

क्लबचा युक्तिवाद सामान्य माणसाला पटण्यासारखा आहे. मालकाचा पैसा स्टेडियममध्ये अडकला नसता, तर कारभारासाठी कर्ज काढावंच लागलं नसतं. पण हिशेबतपासणीत कागदावर काय लिहिलंय तेच चालतं. ज्या दिवशी ती कर्जं घेतली, त्याच दिवशी या व्याजाचं पुढे काय होणार हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

आणखी एक तारीख माझ्या मते महत्त्वाची आहे. क्लबचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं. खेळाडू विकून खड्डा भरायचा, तर ती विक्री त्या तारखेच्या आत व्हायला हवी.

## निकालाच्या दिवशी समोर काय होतं

बारा सामन्यांत चार विजय, दोन बरोबरी, म्हणजे 14 गुण. सुरुवातीचे तीन सामने गोल न करता हरल्यावर संघ सावरत होता. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष बिल केनराइट यांचं निधन झालं. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात वेस्ट हॅमला त्यांच्या मैदानावर हरवलं, मग क्रिस्टल पॅलेसलाही. गाडी रुळावर येत असतानाच 14 चे 4 झाले.

क्लबचं व्यवस्थापनही त्या वेळी धड जागेवर नव्हतं. जूनमध्ये संचालक मंडळातले तिघे गेले होते. मोशिरींना क्लब विकायचा होता. 777 पार्टनर्स या अमेरिकी कंपनीशी सप्टेंबरमध्ये करार झाला होता, पण लीगची मंजुरी लटकलेली आणि रोजचा खर्च त्यांच्याच कर्जावर चाललेला.

26 नोव्हेंबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गुडिसन भरलं. प्रत्येकाच्या हातात गुलाबी कार्ड, त्यावर प्रीमियर लीगचं चिन्ह आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘भ्रष्ट’ असा इंग्रजी शब्द. सामन्याआधी लीगचं गीत वाजलं तेव्हा एवढी हुर्यो उडाली की ते ऐकूच येईना. तिसऱ्याच मिनिटाला युनायटेडच्या गार्नाचोने उलटी उडी मारून डोक्यामागून चेंडू जाळ्यात धाडला. सामना 0-3 ने गेला. त्या दिवशी एव्हर्टन वाईट खेळला नव्हता. प्रेक्षकांचा राग मात्र खेळाडूंच्या पायांत उतरला नाही.

## कोणते पर्याय होते

पहिला प्रश्न कायद्याचा. शिक्षा मान्य करून पुढे जायचं की अपील करायचं? अपिलाचा निकाल यायला महिने लागणार आणि तोवर आपले नेमके गुण किती हे कुणालाच ठाऊक नसणार. पण क्लबकडे एक भक्कम मुद्दा होता. दिवाळखोरीत गेलेल्या क्लबचे लीगच्या नियमानुसार 9 गुण जातात. क्लब बुडवणाऱ्याला 9 आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला 10, हे कुठल्या तराजूत बसतं? क्लबने 1 डिसेंबरला अपील केलं आणि ते योग्यच होतं.

दुसरा प्रश्न मॅनेजरचा. तळाच्या तिघांत असलेला क्लब मॅनेजर बदलतो, आणि एव्हर्टनने तर आधीच्या दोन्ही जानेवारींत तेच केलं होतं. 2022 मध्ये बेनिटेझ, 2023 मध्ये लँपर्ड.

तिसरा प्रश्न जानेवारीतल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा. ओनाना किंवा ब्रॅन्थवेट यांना विकलं असतं तर रोकड हातात आली असती. हिशेबही सुधारला असता. पण मग मैदानात उभं कोण राहणार?

## काय केलं

डाइश यांनी खेळायची पद्धत बदलली नाही. टार्कोव्स्की आणि ब्रॅन्थवेट ही मधल्या बचावाची जोडी, मागे पिकफर्ड, पुढे काल्व्हर्ट-लुइन आणि त्याला लागून दुकुरे. चेंडू लांब टाका, उंचावर जिंका, कॉर्नर आणि फ्री किकवर गोल काढा. हा खेळ देखणा नाही. पण या संघाला तोच जमत होता, आणि मॅनेजरला आपल्या माणसांना काय जमतं याची अचूक जाण होती. कापलेल्या गुणांचा विचार सोडा, पुढचा सामना बघा, हाच त्यांचा सूर राहिला.

डिसेंबरमध्ये त्याचं फळ मिळालं. नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1-0, न्यूकॅसलला 3-0, चेल्सीला 2-0, बर्नलीला 2-0. सलग चार विजय आणि चारही सामन्यांत एकही गोल खाल्लेला नाही. 4 चे 16 गुण झाले. चेल्सीविरुद्धचा दुसरा गोल अकादमीतून आलेल्या लुइस डॉबिनने जादा वेळेत मारला. क्लबसाठीचा तो त्याचा पहिलाच गोल होता.

मग सगळं आटलं. 23 डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत लीगमध्ये सलग 13 सामने विजयाविना गेले. काल्व्हर्ट-लुइनला गोल सापडेना. ब्रायटनविरुद्ध आघाडी होती, ती जादा वेळेत डंकच्या हेडरने गेली. बोर्नमथविरुद्ध शेवटच्या क्षणी कोलमनकडून स्वयंगोल झाला. त्यात 15 जानेवारीला दुसरा आरोप आला: 2022-23 अखेरच्या हिशेबातही मर्यादा ओलांडलेली. या खेपेला नॉटिंगहॅम फॉरेस्टवरही तोच ठपका होता.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला इथे दिसतो, आणि तो काहीच न बदलण्याचा होता. डाइश राहिले. जानेवारीत कुणी आलं नाही, पण पहिल्या फळीतलं कुणी गेलंही नाही. यात शहाणपण किती आणि नाइलाज किती, हे प्रामाणिकपणे विचारायला हवं. मॅनेजरला काढायचं तर भरपाई द्यावी लागते, नवा आणायचा तर त्याचा पगार, आणि क्लब विक्रीच्या उंबरठ्यावर. हात बांधलेले होते हे खरंच. पण परिणाम असा झाला की दोन हंगामांनंतर पहिल्यांदा तोच संघ, तीच पद्धत आणि तोच मॅनेजर पूर्ण हंगामभर टिकला. त्या 13 सामन्यांतही पाच बरोबरी साधल्या होत्या फेब्रुवारीअखेरपर्यंत, आणि एप्रिलच्या सुरुवातीला न्यूकॅसलमध्ये सहावी. बचाव ढासळला नव्हता, अडचण गोल करण्याची होती.

26 फेब्रुवारीला अपिलाचा निकाल आला. 10 चे 6 झाले, 21 गुणांचे 25 झाले. क्लबच्या नऊपैकी दोन मुद्दे अपील मंडळाने मान्य केले. एक, स्टेडियमच्या कर्जांबाबत क्लबने लीगला मोकळेपणाने माहिती दिली नाही असा आयोगाने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. दोन, शिक्षा ठरवताना इतरत्र उपलब्ध असलेले मापदंड, उदाहरणार्थ खालच्या श्रेणींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, आयोगाने विचारात घ्यायला हवी होती. माझ्या दृष्टीने पहिला मुद्दा चार गुणांइतकाच मोलाचा. नियम मोडणं वेगळं आणि खोटं बोलल्याचा डाग वेगळा.

दुसऱ्या प्रकरणात क्लबने पवित्रा बदलला. मर्यादा 1.66 कोटी पौंडांनी ओलांडल्याचं लवकर मान्य केलं, सहकार्य केलं, आणि यातली दोन वर्षं पहिल्या प्रकरणातही मोजलेली आहेत, एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा नको, यावर सगळा भर दिला. 8 एप्रिलला निकाल लागला: 2 गुण. वर्षांची सरमिसळ, वेळेवर दिलेली कबुली आणि रशियन प्रायोजकत्वाचं बुडलेलं उत्पन्न या तिन्हींचा त्यात विचार झाला होता. फॉरेस्टचे मार्चमध्ये 4 गुण गेले होते, त्यांनी मर्यादा 3.45 कोटींनी ओलांडली होती.

## एप्रिलचे तीन आठवडे

दुसऱ्या निकालाच्या दोन दिवस आधी, 6 एप्रिलला, बर्नली गुडिसनवर आले होते. पहिला हाफ संपत आलेला. बर्नलीचा गोलरक्षक मुरिच चेंडू पायात घेऊन उभा, कुणाला द्यावा याचा विचार करत. काल्व्हर्ट-लुइन धावत आला आणि मुरिचने चेंडू मारला त्याच क्षणी त्याने पाय पुढे घातला. चेंडू बुटाला आपटला आणि सरळ जाळ्यात. 1-0, आणि 13 सामन्यांची साडेसाती संपली. कुठल्याही पाठात बसणारा हा गोल नाही. पण तळाशी झुंजणारा संघ शेवटच्या चेंडूपर्यंत धावत राहतो तेव्हा असेच गोल मिळतात.

15 एप्रिलला चेल्सीत 0-6. कोल पामरचे एकट्याचे चार गोल. एखादा संघ इथे मोडून पडला असता. सहा दिवसांनी एव्हर्टनने फॉरेस्टला 2-0 ने हरवलं. पुढच्या बुधवारी लिव्हरपूल गुडिसनवर आला, विजेतेपदाच्या शर्यतीत असलेला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पहिल्या हाफमध्ये गोलपुढच्या झटापटीत ब्रॅन्थवेटचा फटका लिव्हरपूलचा गोलरक्षक अ‍ॅलिसनच्या अंगाखालून आत घुसला. दुसऱ्या हाफमध्ये मॅकनीलच्या कॉर्नरवर मागच्या खांबाजवळ काल्व्हर्ट-लुइनचा हेडर. दोन्ही गोल डाइश यांच्या नेहमीच्या तालमीतले. 2010 नंतर प्रथमच घरच्या मैदानावर शेजाऱ्यांना हरवलं होतं, आणि शेजाऱ्यांच्या विजेतेपदाच्या आशेलाही त्या रात्री मोठी खीळ बसली.

27 एप्रिलला ब्रेंटफर्डविरुद्ध गेयच्या गोलने 1-0. ल्युटन त्याच दिवशी हरला होता. तीन सामने शिल्लक असताना फरक 11 गुणांचा झाला आणि क्लब वाचला.

## निष्पत्ती

38 सामने, 13 विजय, 9 बरोबरी, 16 पराभव. मैदानावर कमावलेले गुण 48, हाती राहिले 40, स्थान पंधरावं. कपात नसती तर बारावं आलं असतं. गोल केले 40, खाल्ले 51. त्यांच्यापेक्षा कमी गोल आर्सेनल, मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल या तिघांनीच खाल्ले. ल्युटन (26), बर्नली (24) आणि शेफील्ड युनायटेड (16) खाली गेले. दुसऱ्या शिक्षेविरुद्धचं अपील क्लबने मे महिन्यात मागे घेतलं. त्या दोन गुणांची आता गरज उरली नव्हती आणि वकिलांवरचा खर्चही थांबायला हवा होता.

777 पार्टनर्सशी झालेला करार मेअखेरीस संपुष्टात आला. डिसेंबर 2024 मध्ये फ्रीडकिन समूहाने क्लब घेतला. डाइश यांना जानेवारी 2025 मध्ये काढलं आणि डेव्हिड मॉइझ परत आले.

## काय वेगळं करता आलं असतं

क्लबने पहिल्या सुनावणीत बरीच कारणं एकत्र मांडली: कोरोना, युक्रेन, स्टेडियम, खेळाडूची न झालेली विक्री. प्रत्येकात काही तथ्य होतं. पण एवढी कारणं एका दमात सांगितली की सगळ्यांत वजनदार कारणही पातळ होतं. दुसऱ्या सुनावणीत कबुली आधी आणि एकच मुद्दा पुढे, हा क्रम ठेवला आणि तो उपयोगी पडला. पहिल्या प्रकरणातही व्याजाचा वाद सोडून शिक्षेच्या प्रमाणावर सगळी ताकद लावली असती, तर फेब्रुवारीत मिळालेले चार गुण कदाचित नोव्हेंबरमध्येच वाचले असते. संघाने मधले तीन महिने त्या ओझ्याखाली काढले.

लीगनेही काही वेगळं करायला हवं होतं. 2021-22 च्या हिशेबाची शिक्षा 2023-24 मध्ये झाली. त्या दोषाचा फायदा घेऊन एव्हर्टन वाचला असेल, तर तो 2021-22 मध्ये. तेव्हा खाली गेलेल्या बर्नलीला या शिक्षेने काय मिळालं? आणि हंगाम चालू असताना आधी 10, मग 6, मग वर 2, असा गुणतक्ता तीनदा बदलला. एव्हर्टनच नव्हे, तर ल्युटन आणि फॉरेस्टच्या समर्थकांनाही आपण नेमके कुठे आहोत हे कळायची सोय नव्हती. किती कोटींच्या उल्लंघनाला किती गुण, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं तर निम्मा मनस्ताप टळला असता.

खेळाच्या बाजूने माझी तक्रार एकच. जानेवारीत गोल होत नाहीत हे दिसत असताना बेटोला सुरुवातीपासून अधिक संधी द्यायला हवी होती. काल्व्हर्ट-लुइन 23 सामने गोलविना होता. त्याच्यावरचा विश्वास शेवटी फळला हे खरं, पण त्या दुष्काळात काही बरोबऱ्यांचे विजय करता आले असते.

आणि 30 जून या तारखेचं महत्त्व क्लबने नक्कीच ओळखलं. जून 2024 मध्ये, 30 तारखेच्या आत, खेळाडू विकले गेले. त्यांत डॉबिनही होता, अ‍ॅस्टन व्हिलाला. अकादमीत घडलेल्या खेळाडूसाठी क्लबने पूर्वी कुणाला पैसे मोजलेले नसतात, म्हणून त्याची जवळजवळ सगळी रक्कम हिशेबात निव्वळ नफा म्हणून येते. वर्ष संपायच्या आत तोट्याला आळा घालायचा तर त्याच्यासारखाच मुलगा सगळ्यात आधी विकायला काढावा लागतो. हा नियम क्लबांना उधळपट्टीपासून वाचवायला केलेला होता, पण आपल्याच अंगणात वाढलेल्या मुलांना विकणं सगळ्यात फायद्याचं ठरेल अशी त्याची रचना होती. ती लीगने तेव्हाच बदलायला हवी होती.